फळ कोणाच्या स्वाधीन? निष्काम कर्मयोगातील ईश्वराचे स्थान

कर्म करीत राहावे, फळाची आशा धरू नये, हा उपदेश महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा हा आशय गीता कधी उघडूनही न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी असतो. परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला तो ऐकविला जातो, बढती हुकलेल्या कारकुनाला ऐकविला जातो, आणि आपल्या ख्रिस्ती घरांतूनही वडीलधारी माणसे तो सहज बोलून जातात. मात्र या उपदेशाच्या पोटात दडलेला एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आपण आशा सोडली म्हणून फळ काही नाहीसे होत नाही. ते कोणाकडे तरी जातेच. मग ते कोणाकडे जाते? आणि फळ देणाऱ्याकडे काही मागावयाचेच नाही असे एकदा ठरले, म्हणजे निष्काम कर्म करणाऱ्याला ईश्वराची गरज तरी काय उरते? ईश्वरावाचून कर्मयोग साधत असेल, तर गीतेत तो अध्यायोअध्यायी का भेटतो? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे वाचकांसमवेत करू इच्छितो.

प्रश्न केवळ पंडितांचा नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच देवी आहे. पण आसपासच्या मुलखात त्याची ओळख आहे ती हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे. उन्हाळ्याच्या कडाक्यात विहिरीचे उरलेसुरले पाणी ठिबकने देऊन रोपे जगवावयाची, पावसाची वाट पाहावयाची, चुरडा-मुरडा पडला की उसनवारी करून फवारणी करावयाची, तोडणीला मजूर मिळवावयाचे, आणि एवढे करून बाजारात माल नेला की भाव काय मिळेल याची शाश्वती नाही. सकाळचा भाव संध्याकाळी राहीलच असे नाही. या शेतकऱ्याला आम्ही फळाची आशा सोडावयास सांगतो, तेव्हा नेमके काय सांगत असतो? मिरची यावी ही इच्छा नसेल तर तो रोप लावीलच कशाला? भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन असे आहे, म्हणजे भोग वाढविणारे. जी भूमी पिकासाठीच कसली जाते, तिच्यावर उभे राहून फलत्यागाचा अर्थ लावून पाहणे हीच त्या तत्त्वाची खरी कसोटी होय.

आपल्या देशातील दर्शनकारांनी कर्म आणि फळ यांमधील दुव्याचा फार बारकाईने विचार केला आहे. कर्म आज घडते व संपते. फळ कालांतराने मिळते. मधल्या काळात ते कोठे असते? जैमिनींच्या पूर्वमीमांसेचे उत्तर असे, की विहित कर्मातून ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती निर्माण होते आणि तीच यथाकाल फळ देते. त्यासाठी निराळा फलदाता मानण्याचे प्रयोजन नाही. बादरायणांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात जैमिनींचे हे मत त्यांचे नाव घेऊन नोंदविले आणि फळ ईश्वराकडूनच प्राप्त होते असा आपला निर्णय दिला. माणसाचे प्रयत्न पुष्कळदा निष्फळ ठरताना दिसतात, त्या अर्थी फळ त्याच्या हाती नसून ईश्वराच्या स्वाधीन आहे, असा युक्तिवाद गौतमांच्या न्यायसूत्रांतही येतो. कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. मग ईश्वर एकाला सुख व दुसऱ्याला दुःख का देतो? यावर शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टांत दिला आहे. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो. पण साळीच्या बीजातून साळ येते आणि जवाच्या बीजातून जव. तसा ईश्वर सर्वांस साधारण असे कारण होय. भेद होतो तो ज्याच्या त्याच्या कर्मरूपी बीजामुळे.

हा सारा वाद मोलाचा आहे. परंतु लक्षपूर्वक पाहिल्यास ध्यानी येईल, की यातील ईश्वर हा सकाम कर्माचा ईश्वर आहे. ज्याला फळ हवे आहे त्याला फळ कोण देतो, एवढाच येथे प्रश्न आहे. न्यायाधीश म्हणा, हिशेबनीस म्हणा, अथवा पाऊस पाडणारा म्हणा, त्याचे काम वाटपाचे. आता ज्या माणसाने हिशेबच मागणे सोडले, त्याच्यासमोर हा ईश्वर काय करील? दुकानात काही घ्यावयाचेच नाही अशा माणसाला दुकानदाराशी काय कर्तव्य? निष्काम कर्माची कल्पना फलदात्या ईश्वराला जणू रिकामा बसविते. तेव्हा ईश्वराचे स्थान शोधावयाचे तर ते अन्यत्र शोधले पाहिजे.

पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांचे म्हणून जे प्राचीन भाष्य आहे, त्यात हा पेच एका लहानशा शब्दात सापडतो. दुसऱ्या पादाच्या पहिल्या सूत्रात ‘ईश्वरप्रणिधान’ हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ सांगताना भाष्यकार म्हणतात, की सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे, किंवा त्यांच्या फळाचा संन्यास करणे, म्हणजे ईश्वरप्रणिधान. आमचा सारा प्रश्न या ‘किंवा’मध्ये साठविला आहे. देवाला अर्पण करणे आणि फळ सोडणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, की हे दोन निरनिराळे मार्ग आहेत?

दोन मार्ग आहेत असे आधुनिक काळात स्वामी विवेकानंदांनी स्पष्टपणे सांगितले. न्यूयॉर्क येथे १८९५-९६ च्या हिवाळ्यात त्यांनी कर्मयोगावर जी व्याख्याने दिली, त्यांत त्यांचे प्रतिपादन असे आहे, की कर्मयोग्याने कोणताही विशिष्ट सिद्धांत मानण्याची आवश्यकता नाही. तो ईश्वर न मानणाराही असू शकेल. स्वार्थाचा निरास हेच त्याचे साध्य, आणि ते तो केवळ कर्माच्या बळावर गाठू शकतो. आदर्श कर्मयोगी म्हणून त्यांनी बुद्धाचे उदाहरण दिले. हे मत हलके लेखण्यासारखे नाही. देवाचे नाव न घेता रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर, गावच्या पाण्यासाठी आयुष्य वेचणारे कार्यकर्ते, शाळा बंद पडू नये म्हणून झटणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या निःस्वार्थ कर्माला आम्ही कमी प्रतीचे म्हणू लागलो, तर तो देवाचा गौरव ठरणार नाही. शेवटच्या न्यायाचे जे चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, त्यात भुकेल्याला अन्न देणाऱ्यांना आपण कोणाला अन्न दिले हे ठाऊकच नव्हते, याचा विसर ख्रिस्ती माणसाला पडू नये.

तरीही गीता स्वतः काय सांगते हे पाहिले पाहिजे. बाराव्या अध्यायात भगवंत साधनांची एक उतरंड सांगतात. चित्त माझ्या ठिकाणी स्थिर कर. ते साधत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. आणि एवढेही शक्य नसेल तर सर्व कर्मांच्या फळाचा त्याग कर. म्हणजे व्यासभाष्यातील ‘किंवा’ येथेही आहे, पण क्रमाने आहे. ज्याला ‘माझ्यासाठी’ असे म्हणता येत नाही, त्याच्यासाठीही दार उघडे ठेवलेले आहे. आणि लगेच पुढील श्लोकात फलत्यागाची थोरवी गाऊन त्याने लाभणाऱ्या शांतीचे आश्वासनही दिले आहे. ईश्वर न मानणाऱ्या निःस्वार्थ कार्यकर्त्याला गीता हाकलून देत नाही. मात्र ज्याला ‘त्याच्यासाठी’ म्हणता येते, त्याला ती काही अधिक देऊ पाहते. ते अधिक काय?

आमच्या समजुतीप्रमाणे गीतेतील कर्मयोगात ईश्वर तीन रूपांनी उभा आहे. पहिले रूप स्वतः कर्म करणाऱ्याचे. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात, की तिन्ही लोकांत मला मिळवावयाचे असे काही उरलेले नाही, तरी मी कर्मात आहेच. मी थांबलो तर हे लोक नष्ट होतील. येथे ईश्वर निष्काम कर्माचा पहिला आचरणकर्ता आहे. दुसरे रूप आधाराचे. अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. मिरचीच्या शेताला ही पाचही लावून पाहावी. जमीन आहे, कसणारा आहे, अवजारे आहेत, मशागत आहे आणि पाऊस आहे. या पाचांत ‘मी’ हा केवळ एक. सारे मीच केले असे म्हणणारा, गीतेच्या मते, पाहूनही न पाहणारा होय. तिसरे रूप स्वीकारणाऱ्याचे. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी जे काही भक्तीने वाहिले ते मी घेतो, असे सांगून लगेच पुढे म्हटले आहे, की तू जे करतोस, जे खातोस, जे देतोस, ते सर्व मला अर्पण कर. हे तिसरे रूप आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते.

चिकित्सक वाचक येथे अडवील. पाचव्या अध्यायातील चौदावा व पंधरावा श्लोक काय सांगतात? प्रभू लोकांचे कर्तेपण निर्माण करीत नाही, कर्मे निर्माण करीत नाही, कर्माची फळाशी सांगडही घालीत नाही. तो कोणाचे पापही घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. हा अलिप्त प्रभू आणि नवव्या अध्यायातील पान-फूल आनंदाने घेणारा देव, हे एकच कसे? काही भाष्यकार पाचव्या अध्यायातील ‘प्रभू’ म्हणजे देहातील आत्मा असा अर्थ करून अडचण टाळतात. पण शब्दाचा अर्थ न बदलताही काही सांगता येते. पाप-पुण्याचा व्यवहार म्हणून जे त्याच्यापुढे मांडले जाते ते तो घेत नाही. प्रेमाने जे दिले जाते ते तो घेतो. त्याच्याशी सौदा होत नाही. त्याला भेट मात्र देता येते.

महाराष्ट्राच्या संतांनी नेमका हाच धागा उचलला. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्धीस गेलेल्या ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानदेवांनी स्वतःच्या विहित कर्मांनाच फुलांची उपमा दिली आणि त्या फुलांनी सर्वात्मक ईश्वराची पूजा करावी असे सांगितले. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहत आणि आपल्या मळ्यातच राहून भक्ती करीत, ही त्यांची ख्याती आहे. माळी होता म्हणून त्याला फळाचे मोल ठाऊक होते. त्याने फळ तुच्छ मानले नाही, ते कोणाचे आहे हे ओळखले. आणि जालना जिल्ह्याला तर या विषयात स्वतःचाच मोठा वारसा आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब येथे झाला. प्रयत्नालाच देव मानावे इतका प्रयत्नाचा गौरव समर्थांनी केला. परंतु दासबोधाच्या अखेरच्या दशकात त्यांनीच बजावले, की चळवळीला सामर्थ्य असले तरी तिच्या मुळाशी भगवंताचा वास असला पाहिजे. प्रयत्नवाद आणि ईश्वरनिष्ठा ही परस्परांची वैरिणी नव्हेत, हे या भूमीत साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगितले गेले आहे.

पुढे मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी गीतारहस्य लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. गीता संन्यासाचा ग्रंथ नसून कर्मयोगाचा आहे, हे त्यांनी मोठ्या विद्वत्तेने प्रतिपादिले. त्यांच्या कर्मप्रधान प्रतिपादनाची आठवण सर्वांना असते. परंतु त्यांनी सांगितलेला कर्मयोग ज्ञानमूलक व भक्तिप्रधान आहे, यातील ‘भक्तिप्रधान’ हे विशेषण मात्र अनेकदा गाळले जाते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा आपला असा अर्थ सांगितला: बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणे. हात काम करीत आहेत आणि हृदय ओतलेले आहे, तेव्हा कर्माचे ओझे उरत नाही. तुरुंगात कर्माचे फळ कैद्याच्या हाती मुळीच नसते. ही दोन्ही पुस्तके तुरुंगात जन्मास यावीत, याचे आम्हास आश्चर्य वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्याग या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात: टाकणे आणि देणे. कणसे रानात कुजू देणारा शेतकरी धान्य टाकतो. पायलीभर जोंधळे शेजारणीच्या पदरात घालणारा ते देतो. दोघांच्याही हातून धान्य गेले. पण पहिल्याने धान्याचा अव्हेर केला आणि दुसऱ्याने त्याचे मोल वाढविले. देण्यासाठी घेणारा लागतो. घेणाराच नसेल तर त्यागाचे टाकणे होते. फळ टाकावयाचेच असे ठरले, की कालांतराने कर्मातही ढिलाई येते. ‘निकाल काहीही लागो’ याचा अर्थ ‘काम कसेही होवो’ असा होऊ लागतो. आणि ज्याच्या कामात ढिलाई येत नाही, त्याच्यापुढे दुसरा धोका उभा राहतो. आपण कशाचीही इच्छा करीत नाही, ही जाणीवच त्याचे फळ होऊन बसते. सर्व फळे सोडली आणि निष्कामतेचा अहंकार तेवढा पदरात ठेवला, अशी माणसे देवळातही सापडतात आणि चर्चमध्येही. फळ कोणाला तरी द्यावयाचे आहे असे ज्याला वाटते, त्याला यांपैकी काहीच परवडत नाही. देण्याची वस्तू तो नीट करतो, आणि दिल्यावर ‘मी दिले’ असे मिरविण्यास त्याच्याजवळ फारसे उरत नाही.

कोणी म्हणेल, घेणारा हवा तर तो समाज आहे, पुढील पिढी आहे. त्यासाठी ईश्वर कशाला? हा आक्षेप बराचसा योग्य आहे. गीतेतही लोकसंग्रह आहेच. परंतु दोन ठिकाणी तो अपुरा पडतो. एक तर समाज कृतज्ञ असतो तसा कृतघ्नही असतो. त्याच्यासाठी केलेल्या कर्मात त्याच्या कृतज्ञतेची अपेक्षा हळूच शिरते, आणि मग तेच नवे फळ होते. आयुष्यभर खपून अखेरीस कडवट झालेले किती समाजसेवक आपण पाहतो! दुसरे आणि अधिक गंभीर ठिकाण म्हणजे फळच न येणे. गारपिटीने रान झोडपले, मिरची काळी पडली. समाजाला काही पोहोचले नाही, घरालाही नाही. मग ते कष्ट कोणाला दिले? माणसे केवळ फळ घेऊ शकतात. फळ न येता कष्टच घेणारा, उन्हात वाकलेली पाठ हीच भेट म्हणून स्वीकारणारा, तो एकच आहे. निष्काम कर्मयोगातील ईश्वराचे खरे स्थान आम्हास येथे दिसते.

हे आम्ही हलक्या मनाने लिहीत नाही. मराठवाड्यात नापिकीने आणि कर्जाने खचून कित्येक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. अशा घरी जाऊन निष्काम कर्मावर प्रवचन करणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. कर्ज खरे असते. ते फेडण्यास पाणी, योग्य भाव आणि रास्त व्याजाचे कर्ज लागते, आणि त्यांची मागणी करणे हेही कर्तव्यकर्मच होय. परंतु त्या दुःखात आणखी एक हिशेब मिसळलेला असतो: पीक बुडाले म्हणजे मी बुडालो, फळ नाही म्हणजे मी कोणी नाही. हा हिशेब खोटा आहे. तो गेलेल्या माणसाने एकट्याने मांडलेला नसतो. गाव, सोयरे, बाजार सर्वांनी मिळून त्याला तो शिकविलेला असतो. माणसाची किंमत फळाच्या किमतीत बुडवून टाकणाऱ्या या हिशेबाविरुद्ध गीतेचा कर्मयोग उभा राहतो, आणि ख्रिस्ती श्रद्धाही उभी राहते.

ख्रिस्ती वाचकाला यात बरेच ओळखीचे वाटेल. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असे दान, आज्ञेप्रमाणे सर्व करूनही स्वतःस केवळ चाकर म्हणवून घेणारा लूकच्या सतराव्या अध्यायातील सेवक, ही चित्रे निष्काम कर्माचीच आहेत. करिंथच्या मंडळीत पौल मोठा की अपुल्लोस असा वाद माजला, तेव्हा पौलाने शेतीचेच उदाहरण दिले: एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढविणारा मात्र देव. गीतेची पाच कारणे येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले, की देव हा आद्य कारण आणि माणूस हा खरोखरीचा दुय्यम कारण. देव करतो म्हणून माणसाचे करणे खोटे ठरत नाही. आरोग्य की आजार, मान की अपमान, यांच्या ठायी मन समतोल ठेवण्याचे शिक्षण संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच येते. इतर धर्मांत जे जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केले. कर्मयोगाचा अभ्यास त्याच भावनेने व्हावा.

तथापि साम्याच्या आनंदात भेद पुसून टाकणे हा दोन्ही परंपरांचा अनादर ठरेल. गीतेत माणूस फळ सोडतो. शुभवर्तमानात देव फळ शोधीत येतो. लूकच्या तेराव्या अध्यायातील दाखल्यात मळ्याचा धनी तीन वर्षे अंजिराच्या झाडाकडे फळासाठी येतो व रिकाम्या हाताने परततो. आणि माळी म्हणतो, आणखी एक वर्ष थांबा, मी भोवती खणतो, खत घालतो. या दाखल्यातील धनी फळाविषयी उदासीन नाही, माळीही नाही. त्याअर्थी फळाची तळमळ हीच मुळात पाप नव्हे. ती कोणासाठी आहे यावर सारे अवलंबून आहे. आशेविषयीही असेच. फ्रान्समध्ये आर्चबिशप फेनेलाँ यांनी १६९७ साली एक पुस्तक लिहून असे शुद्ध प्रेम प्रतिपादिले, की ज्यात स्वतःच्या तारणाच्या आशेलाही स्थान उरत नाही. पोप बारावे इनोसंट यांनी १६९९ साली त्यातील तेवीस विधाने अमान्य केली, आणि फेनेलाँ यांनी तो निर्णय नम्रपणे शिरसावंद्य मानला. निष्कामता आशेलाच गिळू लागली तर ती प्रेमाचेही मूळ खाते, असे आम्ही त्या निर्णयाचे मर्म समजतो. गीताही सहाव्या अध्यायात शुभ कर्म करणारा कधी दुर्गतीस जात नाही असे आश्वासन देते. म्हणजे फळाची आशा सोडणाऱ्यालाही ती निराश करीत नाही.

आणखी एक भेद आहे, आणि तो क्रुसाचा आहे. गीतेच्या ईश्वराला कर्मे लिप्त करीत नाहीत, असे चौथा अध्याय सांगतो. आमची श्रद्धा अशी, की देवाच्या पुत्राने कर्माचा आघात स्वतःच्या देहावर घेतला. गेथशेमानेच्या बागेत त्याने आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तीन वर्षांच्या कार्याचे दिसण्यासारखे फळ जवळजवळ काहीच नव्हते: शिष्य पळाले होते, लोकसमुदाय उलटला होता. ज्या शेतकऱ्याचे सर्व गेले, त्याचे कष्ट स्वीकारणारा देव हा स्वतः अपयशाच्या वाटेने जाऊन आलेला आहे.

यातून एक नैतिक निष्कर्ष निघतो, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख संपविणे योग्य होणार नाही. फलत्याग हा स्वतःच्या फळाचा करावयाचा असतो, दुसऱ्याच्या नव्हे. मिरची तोडणाऱ्या बाईला तिच्या मजुरीबाबत निष्काम होण्याचा उपदेश करण्याचा अधिकार शेतकऱ्याला नाही, शेतकऱ्याला त्याच्या भावाबाबत तो करण्याचा अधिकार व्यापाऱ्याला नाही, आणि शिक्षक, प्रश्नोत्तरशिक्षक व आचारी यांना ‘सेवा’ या पवित्र शब्दाखाली कमी वेतनावर राबविण्याचा अधिकार कोणत्याही धर्मसंस्थेला नाही. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो. केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणारे पापच खातात, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाचे मोल श्रम करणाऱ्या व्यक्तीत आहे, तयार झालेल्या वस्तूत नाही, असे प्रतिपादिले. जी मजुरी माझी नाही ती देवाला अर्पण करण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्याच्या घामाचे फळ वाहून देव प्रसन्न होईल असे मानणे म्हणजे त्याला चोरीचा माल घेणारा समजणे होय.

मिस्सामध्ये धर्मगुरू भाकर व द्राक्षारस वर उचलून देवाला अर्पण करतो, तेव्हा दोन गोष्टींचा उच्चार होतो: ही भूमीची देणगी आहे आणि ही माणसाच्या हातांची मेहनतही आहे. पाऊस देवाचा आणि पाठ माणसाची, दोन्ही एका ताटलीत असतात. ती वाहिलेली भाकर वेदीवर राहत नाही. ती मोडली जाते आणि ज्यांनी पेरले त्यांना व ज्यांनी कधी पेरले नाही त्यांनाही वाटली जाते. कर्मयोगातील ईश्वर फळ घेऊन काय करतो, याचे उत्तर आम्हास या वेदीपाशी मिळाले आहे: तो ते वाटतो. ज्या वर्षी भूमीने काहीच दिले नाही, त्या वर्षीही ताटली रिकामी नसते. तीत नुसती मेहनत असते, आणि तीही घेतली जाते. पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याला आम्ही आशा सोड असे सांगणार नाही. त्याने आशेने रोप लावावे, डोळ्यांत तेल घालून ते जपावे, भावासाठी भांडावे, तोडणाऱ्या बायांची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. आणि एवढे केल्यावर जे हाती येईल किंवा येणार नाही, ते ज्याचे आहे त्याच्यापुढे ठेवून रात्री निश्चिंत झोपावे.